थॉमस लिटल हीथ

सर थॉमस लिटल हीथ (५ ऑक्टोबर १८६१ – १६ मार्च १९४०) हे ब्रिटिश सनदी अधिकारी, ग्रीक भाषेचे अभ्यासक आणि गणिताचे इतिहासकार होते. युक्लिड, आर्किमिडीज, अपोलोनियस आणि डायोफँटस यांचे ग्रंथ इंग्रजी वाचकांना सुलभ करून देणारे भाषांतरकार म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

हीथ यांचा जन्म इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातील बार्नेटबी-ले-वोल्ड या गावी झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी गणित आणि अभिजात भाषा या दोन्ही विषयांत प्रावीण्य मिळवले. १८८४ साली ते ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्यात रुजू झाले. १९१३ ते १९१९ या काळात ते त्या खात्याचे संयुक्त स्थायी सचिव होते. १९१२ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. १९२६ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी आपले लेखन सरकारी नोकरी सांभाळूनच केले.

भाषांतरकार्य

डायोफँटसवरील त्यांचा ग्रंथ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर अपोलोनियस (१८९६) आणि आर्किमिडीज (१८९७) यांचे ग्रंथ आले. या दोन ग्रंथांत हीथ यांनी मूळ शब्दबद्ध सिद्धता आधुनिक बीजगणिती चिन्हांत मांडल्या. अपोलोनियसच्या शांकवांवरील ग्रंथात प्रमेयांचा क्रमही त्यांनी काही ठिकाणी बदलला. त्यामुळे आशय सुगम झाला, परंतु मूळ ग्रंथाची घडण झाकली गेली.

युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या १३ भागांच्या ग्रंथासाठी त्यांनी निराळा मार्ग स्वीकारला. डॅनिश विद्वान योहान लुडविग हायबर्ग यांनी सिद्ध केलेल्या ग्रीक संहितेवर आधारलेले हे भाषांतर १९०८ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यात प्रमेये युक्लिडच्याच भूमितीय भाषेत ठेवली असून स्पष्टीकरण टीपांत दिले आहे. उदाहरणार्थ, दुसऱ्या भागातील चौथे प्रमेय दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गाचे सूत्र म्हणून आज शिकवले जाते. भाषांतरात मात्र ते रेषाखंडावरील चौरस आणि आयत यांविषयीच राहते. पायथागोरसच्या प्रमेयावरील टीपेत आपस्तंब शुल्बसूत्राचीही चर्चा आहे.

टीका आणि प्रभाव

ग्रीक भूमितीला बीजगणिताचे रूप देण्याच्या प्रथेवर साबेताई उंगुरू यांनी १९७५ साली कठोर टीका केली. अशा रूपांतराने प्राचीन गणितज्ञांच्या माथी त्यांच्याजवळ नसलेले विचार मारले जातात, असा त्यांचा आक्षेप होता. हीथ यांची जुनी भाषांतरेही या आक्षेपाच्या कक्षेत येतात. रेव्हिएल नेट्झ यांनी आर्किमिडीजच्या मूळ शब्दरचनेला धरून केलेल्या नव्या भाषांतराचा पहिला खंड २००४ मध्ये आला. तरीही हीथ यांचे 'एलिमेंट्स' हे इंग्रजीतील प्रमाणभूत भाषांतर मानले जाते.

ग्रीक गणिताचा त्यांनी लिहिलेला द्विखंडात्मक इतिहास १९२१ साली प्रसिद्ध झाला. ॲरिस्टॉटलच्या लेखनातील गणितावरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये प्रकाशित झाला.