मार्कशीटवरचं नाव

तुमची मार्कशीट जरा काढून बघा. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, कुठंही शिकत असाल आणि कॉलेज नागपूर विद्यापीठाला जोडलेलं असेल, तर सगळ्यात वर एक लांबलचक नाव छापलेलं दिसेल. 2005 पासून विद्यापीठाला हे नाव आहे. आपण फॉर्म भरताना त्याचं आरटीएमएनयू करतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. मीही तीन वर्षं तेच करत आले.

मग मास कॉमच्या वर्गात एक असाइनमेंट मिळाली. प्रसिद्ध माणूस एखाद्या प्रश्नावर बोलला की लोकांचं मत खरंच बदलतं का? वर्गात सगळ्यांनी अमेरिकेतले रात्रीचे विनोदी शो घेतले, कोणी क्रिकेटपटू घेतले, कोणी स्टँड-अपवाले. मीही एक अमेरिकन विनोदवीर पकडला, वीस पानं लिहिली, मार्कही बरे पडले. आणि नंतर आष्टीला मामाकडे गेले तेव्हा शहीद स्मारकाच्या समोरून जाताना लक्षात आलं की या प्रश्नाचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यात घडलंय. त्यात विनोद कमी आणि खंजिरी जास्त, एवढाच फरक. तर ही गोष्ट त्या मार्कशीटवरच्या नावाची.

माणिक बंडोजी इंगळे. जन्म 30 एप्रिल 1909, अमरावती जिल्ह्यातलं यावली गाव. घरची गरिबी. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. पोरगा वर्गात कमी आणि भजनात जास्त. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्याचे गुरू, त्यांच्याकडूनच माणिकचा तुकड्या झाला. पुढं काही वर्षं रामटेक, सालबर्डी, रामदिघी इकडच्या जंगलांत भटकंती. या काळाबद्दल चमत्काराच्या गोष्टी भरपूर आहेत, त्या तुम्हाला घरातलं कोणीही आजोबा माणूस सांगेल. मी त्यात शिरत नाही. मला इंटरेस्टिंग वाटतं ते हे की जंगलातून बाहेर आला तेव्हा या तरुणाच्या हातात फक्त एक खंजिरी होती, आणि ती ऐकायला गावंच्या गावं लोटत होती. 1935 मध्ये सालबर्डीला त्यांनी भरवलेल्या यज्ञाची गर्दी तर अख्ख्या वऱ्हाडात गाजली. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम सुरू झाला. वय वर्षं 26.

आता इथं थोडं थांबा आणि विचार करा. माइक नाही, रेडिओ खेड्यात पोचलेला नाही, पेपर वाचणारे गावात दोन-चार. अशा वेळी मत तयार कसं होणार? तर बसून ऐकण्यातून आणि ऐकलेलं घरी जाऊन म्हणण्यातून. अमरावती जिल्ह्यातच तेव्हा दुसरा एक माणूस हेच काम हसवून करत होता. गाडगेबाबा. दिवसा हातात झाडू, रात्री कीर्तन. समोरच्यांना प्रश्न विचारायचा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचं, आणि कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्यांना, देवापुढं बकरं कापणाऱ्यांना त्यांच्याच उत्तरात अडकवून सगळ्या गावाला हसवायचं. लोक हसता हसता ओशाळत. आजच्या स्टँड-अपवाल्यांनी आजोबा शोधायचा म्हटला तर मला तरी हाच दिसतो. तुकडोजींची पद्धत वेगळी होती. ते लोकांना आपल्यासोबत गायला लावायचे. चाल साधी, शब्द रोजचे, मराठीत आणि हिंदीतही. एकदा ऐकलं की ओळ डोक्यात बसायची. हसलेला जोक माणूस दुसऱ्या दिवशी विसरू शकतो, पण जे स्वतःच्या तोंडाने दहा वेळा म्हटलं ते आपलंच वाटायला लागतं. जाहिरातवाले आज यासाठीच जिंगलवर पैसे ओततात.

1936 मध्ये ही गोष्ट वर्ध्यात येते. 30 एप्रिलला, म्हणजे योगायोगाने तुकडोजींच्या वाढदिवशीच, गांधीजी शेगावला राहायला आले. हे गजानन महाराजांचं शेगाव नव्हे बरं का, आपलं सेवाग्राम. ते नाव 1940 मध्ये मिळालं. जुलैमध्ये तुकडोजी तिथे पोचले आणि जवळपास महिनाभर राहिले. गांधीजींचा मौनाचा दिवस होता, भजन ऐकून त्यांनी मौन मोडलं आणि आणखी एक म्हणायला सांगितलं, अशी आठवण आश्रमाच्या गोष्टींत नेहमी सांगितली जाते. देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसाला या 27 वर्षांच्या खंजिरीवाल्यात काय दिसलं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. काँग्रेसच्या सभेला येणारे बहुतेक आधीच पटलेले असत. भजनाला मात्र सगळे येत, बायका, म्हातारे, शेतमजूर, सगळ्या जातींचे. शिवाय सभेवर बंदी घालता येते, भजनावर घालायला इंग्रज सरकारलाही विचार करावा लागे.

त्यानंतर दारू, अस्पृश्यता, घाण, परकी सत्ता हे सगळं भजनात जास्त उघडपणे यायला लागलं. गावोगावी मंडळं झाली. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, मग भजन. माझ्या आजीच्या गावात ती प्रार्थना अजून होते, आणि लहानपणी मला तिचा कंटाळा यायचा हे प्रामाणिकपणे सांगते.

मग आला ऑगस्ट 1942. 9 तारखेला पहाटे मुंबईत गांधीजींना आणि बाकी पुढाऱ्यांना अटक झाली. तुकडोजींचा त्या पावसाळ्यात चातुर्मासाचा मुक्काम चिमूरला होता. भजनांचा सूर पेटलेला होता, गावातलं साधं झाड आणि रस्त्यावरचा दगडसुद्धा सरकारविरुद्ध उभा राहील असा. 16 ऑगस्टला नागपंचमी होती. त्या एकाच दिवशी चिमूर आणि आपल्या जिल्ह्यातलं आष्टी, दोन्ही गावं उठली. आष्टीत जमाव पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेला. गोळीबार झाला, गावची माणसं पडली. चिडलेल्या जमावाने फौजदारासकट पोलिसांना मारलं. चिमूरलाही आंदोलक आणि अधिकारी दोन्हीकडचे मेले, आणि नंतर तिथं पाठवलेल्या फौजेने घराघरांत, बायकांवर जे अत्याचार केले ते वाचवत नाहीत.

महिना संपायच्या आत तुकडोजींना अटक झाली. नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, वर्ष संपायच्या आत सोडलं. म्हणजे सरकारच्या लेखी भजन हाच गुन्हा होता.

मला इथं अडखळायला होतं. एका लोकप्रिय माणसाच्या शब्दांनी लोक पेटतात, तेव्हा पुढं जे होतं त्यातलं त्याचं किती? आष्टीचा उठाव फक्त भजनाने झाला असं म्हणणं त्या गावच्या कार्यकर्त्यांवर अन्याय होईल. त्यांनी आपल्या डोक्याने ठरवलं होतं, आणि पुढाऱ्यांच्या अटकेचा राग सगळीकडेच होता. पण तसा राग शेकडो गावांत होता, सगळी गावं उठली नाहीत. फरक मला त्या मंडळांत दिसतो. रोज संध्याकाळी एकत्र बसणारी, एकमेकांवर भरवसा असलेली माणसं तिथं आधीपासून होती. एका रात्रीतल्या व्हायरल व्हिडिओने हे होत नाही.

आणि मत तयार करण्याची दुसरी लढाई लगेच सुरू झाली, ती आपल्या सेवाग्रामातून. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून आश्रमातले प्राध्यापक भणसाळी उपोषणाला बसले. ते 63 दिवस चाललं. सरकारने त्याच्या बातमीवरच बंदी घातली. तेव्हा जानेवारी 1943 मध्ये देशातल्या कित्येक वृत्तपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंकच काढला नाही. पत्रकारिता शिकणाऱ्या मला हे वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. चिमूर-आष्टीच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली होती. अनसूयाबाई काळे आणि इतर कितीतरी लोकांनी ती रद्द व्हावी म्हणून रान उठवलं, आणि शेवटी 1945 मध्ये वाचलेल्या सगळ्या फाशा जन्मठेपेत बदलल्या.

तुरुंगातून आलेले तुकडोजी पुन्हा खंजिरी घेऊन निघाले, पण विषय आता गावाकडे वळले. सफाई, श्रमदान, शाळा, शेती. 1955 मध्ये जपानच्या धर्म परिषदेत खंजिरी वाजली. त्याच सुमारास ग्रामगीता आली, 41 अध्यायांची, गाव कसं असावं यावर. राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रसंत म्हटलं आणि ते नावच झालं. पवनारच्या विनोबांसाठी भूदानाच्या प्रचारात उतरले.

1956 मध्ये भारत साधू समाज निघाला, तुकडोजी त्याचे पहिले अध्यक्ष. साधूंनी सरकारी विकासाच्या योजना गावात पोचवाव्या असा त्यामागे विचार होता, आणि गुलझारीलाल नंदांसारखे मंत्री पाठीशी होते. इथं मात्र माझं मन पूर्ण राजी होत नाही. ज्या आवाजाला एका सरकारने तुरुंगात टाकलं, तो चौदा वर्षांनी दुसऱ्या सरकारच्या कामाला लागला. सरकार आपलं होतं, काम चांगलं होतं, हे मान्य. तरी सत्तेला नको असलेलं गाणारा माणूस जास्त मोलाचा की तिला हवं ते गाणारा? मैत्रिणीशी यावर माझं दोन बस स्टॉप भांडण झालं. तिचं म्हणणं, संडास बांधायला सांगणं हे सरकारचं काम नसून गावाचं काम आहे, त्यात लाज कसली. मला अजून ते पूर्ण पटलेलं नाही, पण ग्रामगीता वाचताना ती अगदीच चुकीची नाही असंही वाटतं. त्यातला भर सरकारवर कमी आणि गावकऱ्यावर जास्त आहे.

1965 च्या युद्धात सैनिकांसाठी भजन म्हणायला ते सीमेवर गेले. मग कॅन्सरने गाठलं. 11 ऑक्टोबर 1968 ला मोझरीत गेले, वय 59.

वर्ध्याहून मोझरी काही लांब नाही. तळेगावला नागपूर-अमरावती हायवेला लागा, तिवसा ओलांडलं की मोझरी. पुण्यतिथीला जाणार असाल तर दुपारीच पोचा, नंतर उभं राहायला जागा मिळत नाही. 4 वाजून 58 मिनिटांनी, त्यांच्या जाण्याच्या वेळेला, मैदानातल्या सगळ्या खंजिऱ्या थांबतात आणि तेवढा वेळ कोणी बोलत नाही. फोन सायलेंटवर टाकायला विसरू नका.