प्रिन्सिपॉल आगरकर

सातारा जिल्ह्यात उंब्रज येथे तारळी नदी कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती या गावी आहे, आणि पुण्याहून कोल्हापुराकडे जाणारा हमरस्ताही याच गावावरून जातो. उंब्रज मागे टाकून त्या रस्त्याने दक्षिणेस चार-पाच कोस गेले की कऱ्हाड लागते. तेथे कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात. संगमाखाली थोड्याच अंतरावर, कृष्णेच्या काठी, टेंभू नावाचे खेडे आहे. अलीकडे हे नाव ऐकले की लोकांना मोठी पाणी-योजना आठवते. कृष्णेचे पाणी येथून उपसून सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांना पोहोचविले जाते. परंतु टेंभूचे नाव त्यापूर्वीच महाराष्ट्राला ठाऊक झाले होते. १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म याच गावी झाला.

घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. शिक्षणासाठी गोपाळला कऱ्हाडास आप्तांच्या आश्रयाने राहावे लागले. मुलगा बुद्धीने तल्लख, कृष्णेच्या डोहात पोहण्यात पटाईत आणि वाचनाचा मोठा भोक्ता होता. पण कऱ्हाडातील शाळेत त्या काळी मिळण्याजोगे शिक्षण लवकरच संपले. पुढे शिकावयाचे तर परगावी जावयास हवे, आणि परगावी जाण्यास पैसा हवा. तो कोठून आणावा? तेव्हा गोपाळने मामलेदार कचेरीत उमेदवारी पत्करली. कारकुनीच्या त्या वाटेने गेला असता तर पोटाची ददात मिटली असती. घरच्यांनाही त्यात समाधान वाटले असते. परंतु दप्तरात लेखणी चालविताना त्याचे चित्त पुस्तकांत असे. अखेर कचेरी सोडून, सह्याद्रीचा घाट उतरून, तो पायी रत्नागिरीस गेला. तेथे ज्यांचा आधार मिळेल असे वाटले होते तो मिळाला नाही. पडेल ते काम करून शिकण्याचा त्याने प्रयत्न केला. पण निभाव लागेना. निराश होऊन तो पुन्हा घाट चढून कऱ्हाडास आला. या वेळी त्याने दवाखान्यात औषधे तयार करण्याचे, म्हणजे कंपाउंडरचे काम धरले. एवढ्या वयात दोन नोकऱ्या आणि एक मोठा अपेशी प्रवास त्याच्या पदरी जमा झाला होता.

पुढे वऱ्हाडात अकोल्यास जाण्याची संधी आली आणि गोपाळचे दैव उघडले. अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी हे विद्वान शिक्षक होते. इंग्रजी वाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा. शेक्सपिअरच्या एका नाटकाच्या आधारे त्यांनी ‘तारा’ हे मराठी नाटक लिहिले. असे सांगतात की, एकदा गोपाळच्या हूडपणाला कंटाळून, याच्या हातून काही व्हावयाचे नाही असे ते बोलून गेले. त्यावर गोपाळने, आपण त्यांच्यासारखे एम.ए. होऊन दाखवू, असे तेथल्या तेथे उत्तर दिले. शिक्षकांनी त्या उत्तराचा राग मानला नाही. उलट या विद्यार्थ्यावर त्यांचा लोभ जडला. १८७५ साली गोपाळ मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

कॉलेजातील त्याची वर्षे कशी गेली हे आज सुखवस्तू विद्यार्थ्याला सांगूनही खरे वाटावयाचे नाही. अंगात घालावयास सदरा एकच. रात्री तो धुऊन वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच अंगात चढवून वर्गात जावयाचे. वर्तमानपत्रांत लेख लिहावे, निबंधाची बक्षिसे मिळवावी आणि त्यातून खर्च भागवावा, असा क्रम चाले. परीक्षेच्या फीसाठी पैसे हवेत म्हणून एकदा त्याने नाटक लिहून विकण्याचा घाट घातला होता. ही गोष्ट गणिताचे प्राध्यापक केरूनाना छत्रे यांच्या कानी गेली. त्यांनी त्याला अभ्यास सोडून हा खटाटोप न करण्याविषयी बजावले आणि लागणारे पैसे स्वतः दिले, अशी आठवण सांगितली जाते. १८७८ साली आगरकर बी.ए. झाले.

त्या काळी बी.ए. झालेल्या तरुणास सरकारी नोकरीचे दरवाजे सताड उघडे असत. पदवीधर थोडे होते आणि मोठ्या पगाराच्या जागा पुष्कळ होत्या. आगरकरांच्या मातोश्रींनी आयुष्यभर हलाखी सोसली होती. मुलगा आता मामलेदार होईल, मुन्सफ होईल आणि आपले दिवस पालटतील, असे त्या माउलीला वाटले असल्यास नवल नाही. परंतु एम.ए.चा अभ्यास करीत असता कॉलेजातच बाळ गंगाधर टिळक या तरुणाशी आगरकरांचा स्नेह जुळला. दोघे कॉलेजच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरावयास जात आणि देशाची दैन्यावस्था कशी पालटेल याचा तासन्‌तास खल करीत. शिक्षणावाचून तरणोपाय नाही, आणि ते शिक्षण आपल्याच लोकांनी आपल्याच शाळांतून दिले पाहिजे, या निर्णयाला दोघेही आले. मग आगरकरांनी आईला पत्र लिहिले. मोठ्या पगाराची आशा तिने आपल्याविषयी बाळगू नये. पोटापुरते मिळवून उरलेला सारा वेळ आपण लोकहितासाठी घालविणार आहोत, असा त्याचा आशय होता. ज्या मुलाने एका सदऱ्यावर कॉलेज काढले, त्याने हे पत्र लिहावे यात त्याची खरी परीक्षा होती. गरिबी न पाहिलेल्या माणसाला असा त्याग सोपा जातो. आगरकरांनी ती पुरती पाहिली होती.

१ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम.ए. होताच आगरकर त्या शाळेत शिक्षक झाले. १८८१ च्या जानेवारीत या मंडळींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे काढली, आणि ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर झाले. सकाळी शाळा आणि रात्री लेखन, अशी ओढाताण सुरू झाली. दीड वर्ष होते न होते तोच संकट कोसळले. कोल्हापूरच्या अल्पवयीन महाराजांना त्यांचे दिवाण माधवराव बर्वे छळीत आहेत, असे आरोप या पत्रांनी केले होते. ज्या कागदांवर ते विसंबले होते ते बनावट ठरले. १८८२ च्या जुलैत टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांची रवानगी झाली. तेथे काढलेल्या १०१ दिवसांचा वृत्तान्त आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिला. दोघे मित्र एकाच कोठडीत असत आणि देशाच्या प्रश्नांवर इतक्या आवेशाने वाद घालीत की, पहारेकऱ्यांनाही त्याची जाणीव होई.

तुरुंगातून सुटल्यावर, १८८३ साली, आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे नाटक प्रसिद्ध झाले. शेक्सपिअर या इंग्रज नाटककाराच्या ‘हॅम्लेट’चे ते मराठी रूप होय. डेन्मार्कच्या राजपुत्राचा पिता मारला जातो. मारणारा सख्खा चुलताच सिंहासनावर बसतो. राजपुत्राला सत्य कळते, पण कृती करण्यापूर्वी त्याचे मन संशयांच्या जाळ्यात गुरफटते, अशी ही कथा. इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द ठेवून असे नाटक भाषांतरित होत नाही. मूळच्या माणसांना मराठीत विचार करावयास लावावे लागते. आगरकरांच्या मराठी भाषेत ती धमक होती. साताऱ्याचे जुने नाव धारण करणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले, आणि गणपतराव जोशी या नटाने हॅम्लेटच्या भूमिकेत अशी कीर्ती मिळविली की, ज्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते असे प्रेक्षकही त्या परदेशी राजपुत्रासाठी हळहळू लागले.

१८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव त्यास दिले होते. संस्थेच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे कॉलेजची सेवा करावयाची आणि महिना ७५ रुपयांवर संतोष मानावयाचा, असा नियम होता. सरकारी कॉलेजातील प्रोफेसरांना याच्या कितीतरी पट वेतन मिळे. वामन शिवराम आपटे हे संस्कृतचे गाढे पंडित प्रिन्सिपॉल झाले. टिळक गणित शिकवीत. वासुदेव बाळकृष्ण केळकर इंग्रजी शिकवीत. पुढे तरुण गोपाळ कृष्ण गोखलेही येऊन मिळाले. आगरकरांकडे इतिहास आणि तर्कशास्त्र हे विषय होते. मिल्ल, स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ त्यांनी पचविले होते. कोणतेही मत ते जुने आहे म्हणून खरे मानू नये, नवे आहे म्हणूनही मानू नये. पुरावा पाहावा आणि मग ठरवावे, हीच त्यांची दृष्टी होती.

१८८८ साली त्यांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिले. इंग्रजी व्याकरणात वाक्याचे भाग उकलून दाखविण्याची जी रीत होती, ती त्यांनी मराठी वाक्याला लावून पाहिली. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, हे वहीत लिहिताना ज्या विद्यार्थ्याला कंटाळा येत असेल, त्याने हे ध्यानात घ्यावे की, ही उकल मराठीत रुजविण्यासाठी एका प्रोफेसराने आपल्या अपुऱ्या फुरसतीतून चांगले जाडजूड पुस्तक लिहिले आहे.

पण याच सुमारास जिवलग मैत्रीत अंतर पडू लागले होते. बालविवाह बंद व्हावेत, विधवांचे केशवपन थांबावे, मुलींना मुलांसारखेच शिक्षण मिळावे, आणि जुन्या रूढी बुद्धीच्या कसोटीला लावाव्यात, असे आगरकरांचे ठाम मत होते. समाजाला दुखवून आधी सुधारणा करू नये, प्रथम स्वराज्याचा प्रश्न हाती घ्यावा, असे टिळकांचे म्हणणे होते. संस्थेच्या नियमांवरूनही तंटे वाढले. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ हे आपले पत्र काढले. त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळीत. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. ज्या दोघांनी टेकडीवर बसून या शाळेचे स्वप्न पाहिले, त्यांतील एक आता तिच्याबाहेर होता. दोघेही प्रामाणिक होते. म्हणूनच ही ताटातूट अधिक दुःखाची झाली. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला तेव्हा दोन्ही पत्रांनी एकमेकांवर जे शब्द झाडले, ते आज वाचतानाही मनाला चटका लागतो.

लोकांनी आगरकरांना सुखाने राहू दिले नाही. खवळलेल्या विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. आपल्याच अंत्ययात्रेचा देखावा स्वतःच्या दारातून पाहण्याची पाळी फार थोड्या माणसांवर आली असेल! तरी पुढच्या आठवड्यात ‘सुधारक’चा अंक ठरल्याप्रमाणे निघे आणि आगरकर ठरल्या वेळी वर्गात असत. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. इतके कडक सुधारक असूनही, त्यांच्या पत्नी यशोदाबाई यांच्या व्रतवैकल्यांच्या आड ते कधी आले नाहीत. दुसऱ्याने आपले मत बुद्धीला पटवून घेऊनच बदलावे, या तत्त्वातून त्यांनी स्वतःचे घर वगळले नव्हते.

१८९२ च्या ऑगस्टमध्ये प्रिन्सिपॉल आपटे यांचे अकाली निधन झाले आणि त्या जागी आगरकरांची नेमणूक झाली. कचेरीत उमेदवारी करणारा आणि दवाखान्यात औषधे कालविणारा कऱ्हाडचा मुलगा आता एका मोठ्या कॉलेजाचा प्रमुख झाला. परंतु शरीर खंगत चालले होते. दम्याचा विकार जुनाच होता. रात्र रात्र बसून काढावी लागे. खोकल्याची उबळ ओसरली की ते पुन्हा लेखणी हाती घेत. लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचा प्रमुख म्हणून लोकांची मर्जी सांभाळावयाची, आणि संपादक म्हणून त्याच लोकांना न रुचणारे सत्य सांगावयाचे, ही दुहेरी कसरत त्यांनी तीन वर्षे केली. कॉलेजाचे हित बिघडू नये म्हणून ते झटले, पण आपली मते त्यांनी गिळली नाहीत.

१८९५ साली फर्ग्युसन कॉलेज शहराच्या गजबजाटातून टेकडीच्या पायथ्याशी नव्या इमारतीत गेले. आगरकरांना ते वैभव फार दिवस पाहावयास मिळाले नाही. त्याच वर्षी १७ जून रोजी पहाटे त्यांचे देहावसान झाले. वयाची ३९ वर्षेही पुरी झाली नव्हती. मृत्यूची बातमी ऐकून टिळक शोकाकुल झाले. मित्रावरील मृत्युलेख लिहिताना त्यांचे अश्रू आवरेनात. आगरकरांच्या उशाशी एक लहानशी पुरचुंडी सापडली. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचा भार कोणावर पडू नये, म्हणून त्यांनी तेवढे पैसे बाजूला काढून, ते कशासाठी आहेत हे लिहून ठेवले होते.