प्रोफेसर केळफांची जादू

‘फाळके’ हे आडनाव शेवटापासून वाचले की ‘केळफा’ होते. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद फाळके जादूचे प्रयोग करीत, ते याच नावाने. पौराणिक चित्रपटांचे दादासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यातला मिश्किल जादूगार मात्र थोडा मागे पडला आहे.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी एका शास्त्रीबुवांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते आपल्या बडोद्यास आले आणि कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण असे नाना विषय शिकले. पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला; तेथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. मग पुरातत्त्व खात्यातली नोकरी झाली, छापखाना झाला, भागीदारांशी मतभेदही झाले. चाळिशी उलटली तरी बस्तान बसले नव्हते.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणायचा ध्यास घेतला. अतिश्रमाने काही काळ दृष्टी गेली, तरी नाद सुटला नाही. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. पण भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर तो अंकुर बघता बघता वाढून वेल झाला! ‘अंकुराची वाढ’ या एवढ्याशा चित्रफितीने पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. उरलेली भर दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे आणि सगळ्या कंपनीचा स्वयंपाक, सारे त्या माउलीने केले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

यानंतर कंपनी नाशिकला गेली. मोठ्या चित्रपटांसोबत दादासाहेब छोट्या गमतीही करीत. ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट दाखवला गेला. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या आपोआप हलत. युक्ती साधी: काडी जरा सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. साधी खरी, पण तिला चिकाटी किती लागत असेल! संवाद नाहीत, भपका नाही. तरी अक्षरओळख नसलेल्यालाही हसू यावे. ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) आरंभी त्यांची लहानगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने राग, आनंद दाखवते आणि मग कृष्ण होऊन येते. सुदैवाने ती दृश्ये आजही पाहता येतात.

बोलपट आला आणि मूकपटाचा हा जादूगार बाजूला पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, ओढग्रस्तीत आणि जवळजवळ विस्मृतीत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

आज प्रत्येक मुलाच्या हाती कॅमेरा असलेला फोन आहे. सुट्टीत त्यांना एक काडेपेटी द्या, कुंडीत एक वाटाणा पेरू द्या. बडोद्याच्या या विद्यार्थ्याला आपले ते खरे अभिवादन ठरेल.