स्वभावाला औषध शोधणारे डॉ. आल्फ्रेड ॲडलर

स्वभावाला औषध नाही, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सहज बोलून जातात. अमका मुलगा भित्रा, तमकी मुलगी हट्टी, कोणी आळशी, कोणी गणितात मठ्ठ. असे शिक्के आपण माणसांवर मारतो आणि ते जन्मभर पुसले जाणार नाहीत असे धरून चालतो. ह्या समजुतीला आपल्या शास्त्राने आणि स्वतःच्या जीवनानेही उत्तर देणाऱ्या एका डॉक्टरांचे हे अल्पचरित्र आहे. न्यूनगंड हा शब्द आज आपल्या घरोघरी ऐकू येतो. त्यामागील कल्पना जगभर पोहोचवली ती ह्याच डॉक्टर ॲडलर ह्यांनी.

आल्फ्रेड ॲडलर ह्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८७० रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या एका उपनगरात झाला. त्यांचे वडील धान्याचे व्यापारी होते. लहानपणी आल्फ्रेडला मुडदूस झाला होता. थोरला भाऊ धडधाकट. तो मनसोक्त धावे, उड्या मारी. आणि आल्फ्रेड मात्र अंगाला पट्ट्या बांधलेल्या स्थितीत बाकावर बसून त्याच्याकडे पाहत राही. तो चार वर्षांचाही झाला नव्हता, तोच त्याचा धाकटा भाऊ त्याच खोलीत मरण पावला. पुढे थोड्याच काळाने त्याला स्वतःला न्यूमोनियाने गाठले. मुलगा हाती लागणार नाही, असे डॉक्टर वडिलांना सांगत असताना त्याने आपल्या कानांनी ऐकले. परंतु तो वाचला, आणि मोठेपणी आपण डॉक्टरच व्हायचे असा त्या बालजीवाने मनाशी निश्चय केला.

शाळेतही त्याची वाट सरळ नव्हती. गणितात तो नापास झाला. ह्याला शाळेतून काढून एखाद्या चांभाराच्या हाताखाली द्यावे, असा सल्ला शिक्षकांनी वडिलांना दिला. वडिलांनी तो मानला नाही. पुढे एके दिवशी फळ्यावरील एक उदाहरण शिक्षकांनाही सुटेना, तेव्हा आल्फ्रेडने उठून ते सोडवले. ही आठवण त्यांनीच नंतर सांगून ठेवली आहे. त्या दिवसापासून गणिताविषयीची त्याची भीती गेली आणि तो वर्गातील चांगल्या गणितज्ञांत गणला जाऊ लागला. बुद्धी कालचीच होती. बदलले होते ते त्याचे स्वतःविषयीचे मत.

१८९५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी प्रथम नेत्ररोगांचा व नंतर सर्वसामान्य रोगांचा व्यवसाय सुरू केला. त्यांचा दवाखाना प्राटर ह्या प्रसिद्ध करमणुकीच्या उद्यानाजवळ होता. तेथील कसरतपटू व खेळ करणारे कलावंत त्यांच्याकडे औषधासाठी येत. त्यांच्यापैकी अनेकजण लहानपणी अशक्त होते आणि त्या अशक्तपणाशी झुंजता झुंजताच त्यांनी असामान्य कौशल्य कमावले होते, असे ॲडलर ह्यांच्या ध्यानात आले. शरीरातील एखादे उणे माणूस कसे भरून काढू पाहतो, ह्या विषयावर त्यांनी १९०७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यापूर्वीच, १९०२ मध्ये, सिग्मंड फ्रॉइड ह्यांनी त्यांना आपल्या बुधवारच्या चर्चामंडळात बोलावले होते. काही वर्षे दोघांनी एकत्र काम केले. परंतु मतभेद वाढत गेले आणि १९११ मध्ये ॲडलर त्या मंडळातून बाहेर पडले. मनुष्य भूतकाळाने मागून ढकलला जातो, ह्यापेक्षा तो समोर ठेवलेल्या ध्येयाकडे ओढला जातो, ह्यावर त्यांचा भर होता.

त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा. प्रत्येक मूल थोरांच्या जगात लहान व दुबळे म्हणूनच जन्मते. म्हणून न्यूनतेची भावना सर्वांच्याच वाट्याला येते. तो रोग नव्हे. पुढे जाण्याची प्रेरणा त्यातूनच मिळते. मात्र हीच भावना जेव्हा प्रयत्न न करण्याची सबब बनते, तेव्हा तिला न्यूनगंडाचे रूप येते. अतिलाड झालेले मूल आणि उपेक्षित मूल, दोघेही ह्या जाळ्यात सापडतात. त्यातून सोडवणारी शक्ती एकच: इतरांविषयी आपुलकी व समाजाच्या उपयोगी पडण्याची वृत्ती.

हे ज्ञान केवळ विद्वानांपुरते राहू नये, अशी त्यांची तळमळ होती. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून काम केले होते. युद्धानंतर व्हिएन्नात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रे उघडली. तेथे अडचणीत सापडलेल्या मुलाशी व त्याच्या आईवडिलांशी ते शिक्षकांच्या समक्ष बोलत, म्हणजे पाहणाऱ्या शिक्षकांनाही ती दृष्टी यावी. कामगार व सामान्य नागरिक ह्यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानांतून मनुष्यस्वभावाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये तयार झाला.

त्यांचे प्रत्येक मत काळाच्या कसोटीस उतरले असे नाही. थोरला, मधला वा धाकटा असण्यावरून माणसाचा स्वभाव घडतो, असे ते सांगत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजारो लोकांच्या पाहण्यांवर आधारलेल्या संशोधनात जन्मक्रमाचा स्वभावावरील परिणाम जवळजवळ नगण्यच आढळला. परंतु स्वभाव म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हे त्यांचे मूळ म्हणणे टिकून आहे. स्वभावाचे काही अंश आनुवंशिक असले, तरी वयाबरोबर व प्रयत्नाने त्यात बदल होतो, असे आजचे मानसशास्त्रही मानते.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियात लोकशाही नष्ट झाली आणि ती केंद्रे बंद पडली. ॲडलर अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांची थोरली मुलगी व्हॅलेंटिना सोव्हिएट रशियात राहत होती; १९३७ च्या प्रारंभी तिचा ठावठिकाणा लागेनासा झाला. मुलीच्या काळजीने व्याकुळ झालेले असतानाही त्यांनी ठरलेला व्याख्यानांचा दौरा सोडला नाही. त्याच दौऱ्यात २८ मे १९३७ रोजी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरी सकाळी फिरावयास निघाले असता हृदयविकाराने रस्त्यातच ते कोसळले आणि त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कित्येक दशके एडिंबरो येथे विस्मृतीत पडून होत्या. २००७ मध्ये त्यांचा शोध लागला व २०११ मध्ये त्या व्हिएन्नास नेण्यात आल्या.

विद्यार्थी मित्रांनो, वार्षिक परीक्षेचे निकाल लागले की कोणाच्या तरी कपाळी मठ्ठपणाचा शिक्का बसतोच. तो मारणारे पुष्कळ वेळा आपले हितचिंतकच असतात. आणि कधी कधी तो आपणच आपल्यावर मारून घेतो. अशा वेळी बाकावर बसलेला तो पट्ट्या बांधलेला मुलगा आठवावा. त्याच्या वडिलांनी शिक्षकांचा सल्ला मानला असता, तर व्हिएन्नास एक चांभार अधिक मिळाला असता. त्या प्रामाणिक धंद्यात कमीपणा काहीच नाही. परंतु आपण कोण आहोत हे ठरवण्याचा हक्क त्या मुलाकडून हिरावला गेला असता. स्वभावाला औषध नाही असे म्हणणाऱ्यांना आपल्या पदरी असलेले हे एक उदाहरण नम्रपणे सांगता येईल.