पक्षाघातानंतरची सत्तावीस वर्षे

१९ ऑक्टोबर १८६८, सोमवार. पॅरिसमध्ये त्या दिवशी सकाळी लुई पाश्चर यांच्या डाव्या अंगाला मुंग्या येऊ लागल्या. वय अवघे ४५. दुपारी विज्ञान अकादमीच्या सभेत एका इटालियन संशोधकाचा निबंध वाचून दाखवायचा होता. पत्नी मारी यांच्या मनात पाल चुकचुकली, पण पाश्चर गेले, निबंध वाचला आणि पायी घरी परतले. मुंग्या आल्या तर थोडे पडून राहू, बरे वाटेल, असे आजचे रुग्णही म्हणतात. एवढा मोठा शास्त्रज्ञही त्याला अपवाद नव्हता. रात्री अंथरुणाला पाठ टेकताच त्रास परत आला, या वेळी जोरात. बोलता येईना, मग पुन्हा येऊ लागले. दुसऱ्या दिवसापर्यंत डावा हात आणि डावा पाय पूर्ण लुळे पडले.

डॉक्टरांनी कानामागे सोळा जळवा लावल्या. त्या काळात याहून वेगळे काही हाताशी नव्हते. दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजण्याचे उपकरण १८९६ साली आले, म्हणजे पाश्चर यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. त्याआधीची काही वर्षे मात्र त्यांना फार जड गेली होती. १८५९मध्ये थोरली मुलगी विषमज्वराने गेली, १८६५मध्ये दोन वर्षांची कामी, १८६६मध्ये सेसील, तीही विषमज्वरानेच. त्यातच दक्षिण फ्रान्समधल्या रेशीमकिड्यांच्या रोगाचा छडा लावण्याचे काम १८६५पासून सुरू होते.

पक्षाघातात मेंदूच्या आत नेमके काय घडते, याची बरीचशी उकल गेल्या ६०-७० वर्षांतली आहे. रक्तवाहिनी तुंबली की मधल्या भागातल्या चेतापेशी काही मिनिटांत मरतात. त्यांच्याभोवती अर्धमेल्या पेशींचा एक पट्टा उरतो. या पेशींचे काम बंद पडलेले असते, पण जीव गेलेला नसतो. रुग्ण किती सावरणार, हे बरेचसे या पट्ट्यावर ठरते. इथे ऑक्सिजन कमी पडल्याने पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया बिघडतात आणि स्वतःच विषारी कण सोडू लागतात. प्रथिनांच्या घड्या विसकटून त्यांचे गुठळे होतात. हा सगळा केर पेशीच्या आतच साचतो. त्वचेची पेशी दुभंगते तेव्हा जुना कचरा दोघींत वाटला जातो. चेतापेशी दुभंगत नाही. तिला आपले घर स्वतःच झाडावे लागते.

हे झाडण्याचे काम ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, करते. पेशी बिघडलेल्या भागाभोवती पडद्याची पिशवी विणते आणि ती लायसोसोम नावाच्या पाचक रसांच्या पिशवीत नेऊन रिकामी करते. लायसोसोमचा शोध १९५५मध्ये बेल्जियमच्या ख्रिस्तियान द दुव्ह यांनी लावला. ऑटोफॅजी हा शब्दही त्यांचाच. या यंत्रणेची जनुके शोधणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६चे नोबेल मिळाले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेले चित्र मात्र सरळ नाही. पक्षाघातानंतर ही सफाई बेताने चालली तर खराब मायटोकाँड्रिया वेळीच निघून जातात आणि पेशी तगते. ती अति झाली, किंवा पिशव्या भरत राहिल्या पण लायसोसोम त्या रिकाम्या करू शकले नाहीत, तर पेशी मरते. लायसोसोम फुटला तर त्याचे पाचक रस पेशीलाच खातात. म्हणूनच या यंत्रणेवर बेतलेले पक्षाघाताचे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, हाच पहिला उपाय. मोठी रक्तवाहिनी तुंबलेली असेल तर ती उघडणे हा पुढचा. मोठ्या पक्षाघातात उपचाराविना गेलेल्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

पाश्चर यांना यातले काहीच मिळाले नाही, तरी ते सावरले. बुद्धी शाबूत होती. आठवडाभरातच एका रात्री त्यांनी अंथरुणातून सहायक जेर्ने यांना रेशीमकिड्यांच्या रोगावरचे टिपण सांगून लिहवून घेतले. याच सुमारास त्यांच्यासाठी बांधल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेचे काम थांबले, कारण हा माणूस जगणार नाही, असे सरकारी अधिकाऱ्यांनी धरून चालले होते. काम बंद पडलेले पाश्चर यांना खिडकीतून दिसत होते. गोष्ट सम्राट तिसरा नेपोलियन याच्या कानावर गेली आणि गवंडी परत आले. रुग्णाला यापेक्षा चांगले औषध क्वचितच मिळते. जानेवारी १८६९मध्ये, तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ते पुन्हा रेशीमकिड्यांकडे निघाले.

डावा हात मात्र आखडलेलाच राहिला आणि पाय जन्मभर ओढत चालावे लागले. नाजूक हातकाम सहायकांकडे गेले. डोके पाश्चर यांचे, हात रू आणि शांबरलां यांचे. त्यांचे सर्वात प्रसिद्ध काम या अधू देहाने झाले आहे: कोंबड्यांचा कॉलरा, १८८१चा पुई-ल-फोरचा काळपुळीच्या लशीचा जाहीर प्रयोग, ६ जुलै १८८५ला नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला दिलेली पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस. सुई टोचली ती डॉ. ग्रांशे यांनी, कारण पाश्चर डॉक्टर नव्हते.

१८८७मध्ये पुन्हा झटका आला आणि वाचा कायमची अडखळू लागली. १४ नोव्हेंबर १८८८ला पाश्चर इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यांचे भाषण मुलाने वाचले. १८९२मध्ये सत्तरीच्या सोहळ्यातही तसेच झाले. २८ सप्टेंबर १८९५ रोजी ते गेले आणि त्यांना इन्स्टिट्यूटच्याच तळघरात पुरण्यात आले.

त्या संस्थेत पाश्चर यांनी ज्यांना जागा दिली, त्यांत रशियाचे इल्या मेच्निकॉफ होते. नको ते गिळून शरीर साफ करणाऱ्या भक्षक पेशी त्यांनी १८८२मध्ये ताराम्हाशाच्या अळीत पाहिल्या होत्या. या कामासाठी १९०८मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पक्षाघातानंतर मेंदूतल्या मेलेल्या पेशींचा ढीग उचलतात त्या याच जातकुळीच्या पेशी. मेच्निकॉफ यांचा अस्थिकलश आजही इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहे.