शेवटची काच

अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स १९१६ साली, चौदाव्या वर्षी, आईवडिलांबरोबर योसेमिटीच्या डोंगररानात गेला. त्यांनी दिलेला साधा कॅमेरा त्याच्या हाती होता. त्यानंतर तो दरवर्षी तेथे जाई. मोठेपणी पियानोवादक व्हावयाचे, असे त्याच्या मनात होते. पण डोंगर त्याला सोडीनात.

१० एप्रिल १९२७ रोजी मित्रांसह बर्फ तुडवीत तो हाफ डोमच्या कड्यासमोर आला. आपल्या सह्याद्रीचे कडे काळ्या पाषाणाचे. हा करड्या ग्रॅनाइटचा, सरळ उभा. त्याचा कॅमेरा काचेच्या पट्टीवर चित्र घेई, एका पट्टीवर एकच. घाट चढणाऱ्यास अशा बारा काचांचे ओझे सांगावयास नको! त्यांपैकी आता दोनच उरल्या होत्या.

भिंगापुढे पिवळी काच धरून त्याने एक चित्र घेतले. लगेच त्याच्या ध्यानी आले, की यात आकाश फिकट उतरेल आणि मनात भरलेली कड्याची भव्यता हरवेल. मग त्याने गडद तांबडी काच लावली. ती निळा प्रकाश अडविते. त्यामुळे चित्रात आकाश जवळजवळ काळे दिसते. हे चुकले असते, तर तिसरी पट्टी नव्हती. पट्टी धुतली, तेव्हा मनातला कडाच तीवर उमटला होता.

पुढे किंग्ज कॅन्यनचे रान सुरक्षित राहावे म्हणून त्याने आपली छायाचित्रे राज्यकर्त्यांपुढे मांडली. १९४० साली ते राष्ट्रीय उद्यान झाले.