आकाशाचा हिशेब ठेवणारी कॅरोलिन

घरातली कुठली वस्तू नेमकी कुठे ठेवलीय, हे विचारायचं कुणाला? अर्थात घरच्या बाईला! आकाशातल्या पसाऱ्याचा असाच चोख हिशेब अडीचशे वर्षांपूर्वी एका बाईने ठेवला. तिचं नाव कॅरोलिन हर्शेल.

१६ मार्च १७५० रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात एका वादकाच्या घरी ती जन्मली. दहाव्या वर्षी टायफस झाला आणि तिची उंची सव्वाचार फुटांवरच थांबली. हिचं लग्न काही व्हायचं नाही, असं घरच्यांनी ठरवूनच टाकलं. आईला तर ती घरकामालाच हवी होती. १७७२ मध्ये थोरला भाऊ विल्यम तिला इंग्लंडला न्यायला आला. मोलकरणीसाठी त्याने आईला पैसे दिले, तेव्हा कुठे तिची सुटका झाली!

१७८१ मध्ये विल्यमने युरेनस ग्रह शोधला. पुढे रात्र रात्र आकाश पिंजून काढणं सुरू झालं. अंधुक ठिपका दिसला की विल्यम दुर्बिणीपासून ओरडून सांगायचा. कॅरोलिन घड्याळातली वेळ आणि दुर्बिणीचा कोन टिपून घ्यायची. आकाश फिरतं असल्याने वेळेवरून पूर्व-पश्चिम आणि कोनावरून दक्षिणोत्तर जागा कळते. दिवसा ती आकडेमोड करत बसायची. जागा चुकली, तर तो ठिपका पुन्हा सापडणार कसा? १७८३ च्या शेवटच्या रात्री बर्फात घसरून लोखंडी आकडा तिच्या पायात घुसला, तरी तिने हे काम सोडलं नाही.

१ ऑगस्ट १७८६ ला तिने स्वतः धूमकेतू शोधला. पुढच्याच वर्षी राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. सदतिसाव्या वर्षी हाती आलेली ही हक्काची कमाई! १७९८ मध्ये फ्लॅमस्टीडच्या नामांकित तारायादीतल्या चुका आणि राहून गेलेले ५६० तारे तिने छापून मांडले.

१८२२ मध्ये विल्यम गेला. हॅनोव्हरला परतलेल्या कॅरोलिनने भाचा जॉनसाठी अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छांची यादी नव्याने लावून दिली. त्यासाठी १८२८ मध्ये तिला इंग्लंडच्या खगोल संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. १८४८ मध्ये, ९७ व्या वर्षी ती गेली.

२००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या स्लोन आकाश पाहणीत ॲल्युमिनियमच्या तबकडीला ६४० भोकं पाडून त्यांत ऑप्टिकल फायबरचे बारीक तंतू हाताने खोचत. एकेक तंतू एकेका अंधुक ताऱ्याचा किंवा दीर्घिकेचा प्रकाश टिपायचा. भोक जरासं सरकलं, तर प्रकाश हुकलाच! नेमकी जागा आधी कुणीतरी लिहून ठेवावी लागते. कॅरोलिनने आयुष्यभर तेच केलं.